आधी न आलेल्यांची नावं

घरतबाई हजेरी उलटी घेत. वर्गात शिरल्या की पर्स खुर्चीला अडकवायची, छत्री कोपऱ्यात उभी करायची, बाकांवरून एकदा नजर फिरवायची आणि जे आले नाहीत त्यांची नावं आधी पुकारायची. "रोशन?" मग वर्गाने सांगायचं, "बाई, आजीला घेऊन दवाखान्यात गेलाय." "मयूरी?" "बाई, तिच्या मावशीची हळद आहे." एखाद्या नावाला कोणीच उत्तर दिलं नाही, तर बाईंचा चेहरा उतरायचा. "आपल्यातलं एक माणूस कुठंय ते कुणालाच ठाऊक नाही? मग भागाकार शिकून काय दिवे लावणार आपण?" घरी जाताना त्या मुलाकडे कोण डोकावणार हे ठरेपर्यंत पुस्तक उघडलं जायचं नाही.

उरणातल्या नगरपरिषदेच्या शाळेत मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असं हजेरी घेताना. मी तेव्हा पालीहून आलेली, समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. शहरातल्या ज्या शाळांमध्ये फक्त दुसरी कुठलीच शाळा न परवडणाऱ्या घरांतली मुलं उरलीत, त्या शाळांत आमची संस्था काम करायची. मिठागरावरच्या कुटुंबांची, ट्रेलर चालवणाऱ्यांची, कंटेनर यार्डात हमाली करणाऱ्यांची मुलं. आमच्या टी-शर्टवर पाठीमागे मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, 'शेवटच्या बाकापर्यंत'. मी विचारलं, "बाई, हजेरी अशी उलटी का?" बाई म्हणाल्या, "आलेली मला दिसतात. न आलेली दिसत नाहीत. हाक कुणाला मारायची मग?"

त्यांनी मला नाव कधी विचारलं नाही. पहिल्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'संस्था' होते. "आली गं संस्था! आज काय मोजणार? पोरं मोजणार की माझे केस?" मी मुलांच्या वाचनाच्या पायऱ्या भरायचे तक्ते घेऊन बसले की त्या मागून डोकावत आणि म्हणत, "तुझ्या रकान्यात पोर मावतं, त्याचं घर मावत नाही." संस्थेने शाळेला टॅब दिले तेव्हा त्यांनी ते कौतुकाने मुलांना वापरू दिले, पण दुपारी सगळे टॅब एकामागून एक बंद पडल्यावर मला म्हणाल्या, "तुझी बाई झोपली बघ. मी अजून उभी आहे." त्यांची थट्टा लागायची नाही. त्यांच्या हातचा चहा मिळायचा, डब्यातला सुक्या कोळंबीच्या सोड्यांचा भात मिळायचा. त्या भातासाठी मी कित्येकदा उगाचच त्या शाळेत काम काढून जायचे.

एखादं मूल तीन दिवस आलं नाही की बाई त्याच्या घरी जात. मीही दोन-चारदा त्यांच्यामागून गेले. मला वाटायचं, आता या आईबापांना चार शब्द सुनावतील. तसलं काही नाही. उंबऱ्याशी चप्पल काढायची, आत जाऊन बसायचं, पाणी मागायचं. पाणी प्यायचं, म्हातारीच्या गुडघ्यांची चौकशी करायची, वालाच्या शेंगा यंदा कशा आल्यात ते विचारायचं. शाळेचं नाव नाही. उठताना एवढंच म्हणायचं, "घर बघून घेतलं. येते." दुसऱ्या दिवशी मूल वर्गात. मी चकित होऊन विचारलं तर म्हणाल्या, "ज्याच्या घरचं पाणी प्यायलं त्याला शाळेत ये म्हणून सांगावं लागत नाही. त्यालाच लाज वाटते."

सोनल त्यांनी अशीच आणली होती. चौथीतली मुलगी, मिठागरावरच्या घरातली. पौष उजाडला की आईबापांबरोबर मिठावर जायची ते थेट पावसाळ्यातच शाळेत उगवायची, त्यामुळे चौथीत येऊनही तिला धड दोन ओळी वाचता येत नव्हत्या. त्या वर्षी बाई तिच्या घरी सात वेळा पाणी प्यायल्या, तेव्हा कुठे तिच्या बापाने तिला हंगामात शाळेत ठेवलं. तिच्या आयुष्यातला तो पहिला हंगाम, ज्यात ती मिठावर नव्हती. ती शेवटच्या बाकावर बसायची, ओठ हलवत बोटाने ओळ धरायची. माघ संपता संपता तिला चार ओळींचा एक उतारा येऊ लागला. तोच उतारा ती मला दर वेळी वाचून दाखवायची आणि दर वेळी संपल्यावर श्वास सोडायची.

बाईंच्या उलट्या हजेरीबद्दल मी संस्थेच्या अहवालात दोन पानं लिहिली. खरं सांगायचं तर फार छान लिहिली. ती वाचून आमच्या कामाला पाठबळ देणारे पाहुणे म्हणाले, आम्हाला ही हजेरी बघायची आहे. त्यांच्या भेटीवर बारा शाळांमधलं काम पुढे चालू राहणार की नाही ते ठरणार होतं. पाहुणे हजेरी बघणार, मग हाताला लागेल त्या मुलाला उठवून वाचायला लावणार, अशी त्यांची पद्धत आहे असं मला कळलं होतं. वर्गात सहा मुलं अजून अडखळत होती. त्यात सोनल.

आदल्या दिवशी शाळा सुटताना मी बाईंना व्हरांड्यात गाठलं आणि म्हटलं, "बाई, उद्या त्या सहा जणांना घरी राहू द्या ना. एकच दिवस."

बाई छत्री उघडत होत्या. ती अर्धवट उघडलेली तशीच राहिली. त्यांनी तेव्हा पहिल्यांदा माझं नाव घेतलं. त्यांना ते ठाऊक आहे हेसुद्धा मला माहीत नव्हतं.

"वैशाली, हे तू बोलतेस की संस्था?"

मला कोणीही असं सांगितलेलं नव्हतं. वरिष्ठ फक्त म्हणाले होते, वर्ग नीट दाखवा. ही सगळी अक्कल माझी होती. पण मी बाईंच्या डोळ्यांत न बघता म्हणाले, "संस्था म्हणतेय, बाई."

"मग काय. बारा शाळांतल्या पोरांचा प्रश्न आहे. संस्थेशी मी कुठं भांडत बसू?" असं म्हणून त्या परत वर्गात गेल्या. सहा मुलांना थांबवून म्हणाल्या, "उद्या तुम्हाला सुट्टी." पाच जण उड्या मारत गेले. सोनल तिथेच उभी राहिली. "बाय, आमालाच कला सुट्टी?" आम्हालाच का, या तिच्या प्रश्नावर बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि पर्स उचलली. तीस वर्षं घराघरांतून मुलं गोळा करत फिरलेल्या बाईला मी त्या दिवशी मुलं परत पाठवायला लावली.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले, ओवाळून झालं, नारळपाणी झालं. मागच्या भिंतीला लागून मी उभी होते. पाहुण्यांपैकी एक मॅडम हौसेने म्हणाल्या, "आता ती हजेरी होऊ दे. आम्ही त्याच्यासाठीच आलो आहोत." तोपर्यंत हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. सहा मुलं नाहीत. बाई सहा नावं पुकारणार आणि वर्ग सांगणार ती कुठे आहेत. मुलं खोटं कशाला बोलतील? त्यांना बाईंनीच सुट्टी दिली होती.

बाई उठल्या. बाकांवरून नजर फिरवली. शेवटच्या रिकाम्या बाकापाशी ती जरा थांबली, मग माझ्यापर्यंत आली. माझा चेहरा कसा दिसत होता मला माहीत नाही. बाई पाहुण्यांकडे वळून म्हणाल्या, "आज सगळे हजर आहेत."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला हायसं वाटलं. मनापासून हायसं वाटलं, आणि ते मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

भेट उत्तम पार पडली. पाहुणे गाडीत बसले तेव्हा पाण्याच्या टाकीच्या मागून सोनल बाहेर आली. कडक इस्त्रीचा गणवेश, तेल लावून घट्ट घातलेल्या दोन वेण्या, हातात ते उताऱ्याचं पुस्तक. ती सुट्टी न मानता आली होती. पाहुण्यांना वाचून दाखवायचं म्हणून. वर्गात शिरायचा धीर झाला नसावा, म्हणून टाकीजवळच्या खिडकीशी उभी राहून ऐकत होती. बाई तिला "सोनल" म्हणून हाक मारत पुढे झाल्या, पण ती पाठ फिरवून चालायला लागली, नंतर पळत सुटली. वाटेत बाजूला फेकलेलं पुस्तक बाईंनी उचललं. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

तिसऱ्या दिवशी बाई तिच्या घरी गेल्या. पाणी मागितलं. पाणी तिच्या आईने दिलं. सोनल आतून म्हणाली, "मी नव्हती तरी सगली हजर व्हती ना, बाय?" बाईंनी सांगितलं, "चूक माझी झाली, सोनल." आठवड्याने मिठागराच्या बांधावर सोनल आईबरोबर मीठ ओढताना दिसली.

हे मला बाईंनीच सांगितलं, पण बऱ्याच दिवसांनी आणि माझ्या घरी येऊन. कारण त्या भेटीनंतर मी त्या शाळेत जायची बंद झाले होते. मला बढती मिळाली, पनवेलचं ऑफिस मिळालं, उरणच्या शाळा मी दुसऱ्या मुलीकडे सोपवल्या. कारणं सगळी खरी होती आणि सोयीचीही होती. एका रविवारी दारात बाई उभ्या. हातात छत्री आणि सोड्यांची पुडी. आत येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पाणी दे गं." पाणी प्यायल्या. माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी केली. भाजी कुठून आणतेस ते विचारलं. मग सोनलचं सगळं सांगितलं, अगदी सपाट आवाजात.

मी म्हटलं, "बाई, तुम्ही तिला सांगायचंत की संस्थेने तसं करायला लावलं."

"तोंड माझं होतं ना. दुसऱ्याचं नाव कशाला सांगू? पण तुला जमलं तर एकदा ये तिच्याकडे. माझ्या तोंडून ती आता काही ऐकत नाही."

"पुढच्या आठवड्यात येते," मी म्हटलं. बाई उठल्या. चप्पल घालताना म्हणाल्या, "घर बघून घेतलं. येते." त्या लिफ्टने खाली जाईपर्यंत ते शब्द माझ्या कानात होते, तरी त्यांचा अर्थ मी लावला नाही. लावायचा नव्हता म्हणून लावला नाही. पुढचा आठवडा गेला, मग परीक्षा आल्या, मग पाऊस. खरं तर बाई मला न्यायला आल्या होत्या. गैरहजर मुलाच्या घरी जातात तशा. बाकी सगळी मुलं दुसऱ्या दिवशी वर्गात येत.

यंदा जानेवारीत बाई गेल्या. झोपेतच. मोबाईलवर निरोप वाचला तेव्हा मी एका बैठकीत होते. बैठकीतून उठले नाही, अंत्ययात्रेला पोहोचले नाही. बाराव्याला गेले. बाईंचा मुलगा नीलेश दारात भेटला. त्याने मला ओळखलं आणि म्हणाला, "आई निवृत्त झाली तरी दर शनिवारी दुपारी मिठागरावर जायची. आमी ओरडायचो, एवढ्या उन्हात कला जातेस? बोलायची, ती पोरगी तीन दिस झाले आली नाय. आठ वर्सं हेच." सोनल बोलायची का, मी विचारलं. "नाय हो. पाठ करून मीठ ओढायची. आई बांधावर छत्री घेऊन बसायची, मग घरी यायची."

माझ्याकडे एक वाक्य होतं. ते सांगायला पनवेलहून उरणला तासाभरात पोहोचता येतं. बाईंनी ते माझ्या दारात येऊन मागितलं होतं. मी ते आठ वर्षं दिलं नाही, आणि बाई त्या उन्हात बसत राहिल्या.

त्याच दुपारी मी सोनलकडे गेले. ती आता अठरा-एकोणीसची, हातापायांना मिठाने चिरा पडलेल्या, पण डोळे तेच. घराशेजारी मिठाची एक रास नारळाच्या झापाने झाकत होती. मी उंबऱ्याशी चप्पल काढली, आत जाऊन बसले, पाणी मागितलं. तिने तांब्या आणून पुढे ठेवला. मी तांब्या हातात घेतला. मग एका दमात सांगून टाकलं. पाहुण्यांच्या दिवशी तुम्हाला घरी ठेवा असं बाईंना मी सांगितलं होतं. संस्थेनेही नाही, मीच. बाईंची चूक नव्हती.

सोनल झाप बांधायची दोरी उलगडत बसली.  मग माझ्याकडे बघून म्हणाली,

"बाय व्हती तवा कला नाय सांगलंत? मी तिच्याशी एक दिस तरी बोलली असती."

बाहेर बांधावर, ज्या बाजूला बाई बसायच्या, तिकडे ती बघत राहिली. मी चप्पल घातली. बाईंसारखं 'घर बघून घेतलं, येते' असं म्हणायला माझं तोंड उघडलं नाही. तशीच निघाले.