धुक्यातला दिनू

कला मेलेल्यालाही जिवंत करते, असं आमचे चित्रकलेचे सर जांभई देत सांगायचे. आज टर्पेंटाइनचा वास आला आणि मुरबाडच्या बाजाररस्त्यावर बसून केलेलं माझं पहिलं तैलचित्र आठवलं.

"तपशील सोड, फटकारे मार," सर म्हणाले. मी धुकं रंगवलं आणि त्यात एक राखाडी, उभा, जरासा कललेला फटकारा ओढला.

"जड झालाय, पूस तो."

मी चिंधी उचलली, तेवढ्यात मागून शेजारच्या शेवंतामावशीचा आवाज आला. तिचा मुलगा ह्याच रस्त्यावर ट्रकखाली गेला होता.

"पुसू नको रे. यो आमचा दिनू. असाच वाकून चालतो."

सरांनी माझ्या हातातली चिंधी काढून घेतली.

चित्र मावशीकडेच आहे. त्यापुढे रोज मेणबत्ती लागते, आणि हल्ली मलाही तो चालताना दिसतो.

त्या फटकाऱ्याने मी विजेचा खांब रंगवला होता.