मिलच्या गेटवर चांगआन

मिल बंद झाली तेव्हा कागदोपत्री ती 'तात्पुरती' बंद झाली. हा शब्द ज्याने शोधला त्याने आयुष्यात कधी पाळी केली नसणार. तात्पुरती म्हणजे काय, ते गेटवर बसलेल्या सगळ्यांना कळत होतं. आधी माग भंगारात जाणार, मग जमीन विकली जाणार, आणि वर्तमानपत्रं देश कसा खुला झाला ते छापत बसणार.

आमची मागणी एकच होती. माग आत राहू द्या. माग आत आहेत तोवर मिल उद्याही चालू होऊ शकते. ते बाहेर पडले की इंदूरच्या मधोमध एक प्लॉट उरतो, बस. म्हणून गेटवर पहारा. अनंत चतुर्दशीच्या मिरवणुकीतल्या मिलच्या झांकीवर, म्हणजे देखाव्याच्या गाडीवर, टाकायची मोठी ताडपत्री ताणून मंडप केला होता. माझे बाबा त्यात रोज बसत. विणाई खात्यात ते जॉबर होते, म्हणजे अडलेला माग चालू करून देणारा माणूस. मी नुकतंच कॉलेज संपवलं होतं. पत्रकं लिहायचे, वाटायचे, घोषणा द्यायचे.

पहारा हे भयंकर कंटाळवाणं काम असतं, हे कुठल्याच पत्रकात लिहीत नाहीत. दुपारी घोषणा संपत, पत्ते निघत, आणि एकेक जण घरी सटकत असे. माणसं टिकावीत म्हणून मी स्नेहलतागंजातल्या वाचनालयातून एक जाड हिंदी पुस्तक आणलं. चीनच्या एका प्राचीन राजधानीचा इतिहास. शहराचं नाव चांगआन. ते पडतं आणि पुन्हा उभं राहतं, एवढंच मी चाळून पाहिलं होतं. मला तेवढंच हवं होतं.

"बिटिया, चीनवाल्यांनी आपलं काय बिघडवलंय?" एका म्हाताऱ्या विणकराने विचारलं.

"काही नाही काका. ऐका तर."

मी वाचत गेले. नदीपलीकडची जुनी राजधानी जळाली. म्हणतात, आग तीन महिने धुमसत होती. मग अलीकडच्या काठाला नवं शहर वसलं, त्याला नाव दिलं 'कायमची शांती'. तेही लुटलं गेलं, खंगलं. काही शतकांनी शेजारीच पुन्हा आखलं, पहिल्याहून मोठं. सरळ रुंद रस्ते, शंभरावर मोहल्ले, प्रत्येक मोहल्ल्याला भिंत आणि दार. संध्याकाळी नगारे झाले की दारं बंद, पहाटे नगारे झाले की उघडी.

"यानी भोंगा," ते म्हातारे विणकरकाका म्हणाले. "सीधा बोल ना. भोंगा था उनका."

मंडप हसला. त्या दिवसापासून ते शहर आमचं झालं. पश्चिमेच्या बाजारात उंटांवरून परदेशी व्यापारी उतरायचे, तर ते आपलं घाऊक बाजाराचं सियागंज. राजवाडा तर आपल्याकडेही आहेच. पत्ते बाजूला पडले. कुणी उशिरा आला की विचारायचा, "कुठपर्यंत आलं? परत जळालं का?"

"ते शहर आता आहे?" एकाने विचारलं.

"आहे. नाव बदललंय. तिथे कापडाच्या मोठ्या मिला आहेत."

"चालू आहेत?"

पुस्तक जुनं होतं. मला माहीत नव्हतं. मी पुढचं पान काढलं.

आणि पुढच्या पानावर एक सेनापती आला. त्याने बादशहाला उचलून दुसऱ्या शहरात नेलं आणि हुकूम काढला: चांगआन उतरवा. महाल, कचेऱ्या, लोकांची घरं, सगळं. शहर लाकडाचं. तुळया सोडवून नदीत टाकल्या, त्या वाहत खाली गेल्या, आणि त्यांतून दुसरी राजधानी उभी राहिली. लोक रडत रडत पाठोपाठ चालत गेले.

"आणि सगळे चुपचाप?" कुणीतरी ओरडलं. "अपने इंदौर में होता ना भिया, एक लकडी हलू दिली नसती!"

मी तिथेच उभी राहून भाषण ठोकलं. टाळ्या पडल्या. त्या थांबल्यावर बाबा म्हणाले, "तुळया सांध्यातून सोडवल्या की कापल्या?"

"बाबा, मुद्दा तो नाहीये!"

"बरं," ते म्हणाले.

आठवडाभरात ट्रक आले. सोबत पोलीस, कोर्टाचा हुकूम, आणि ठेकेदाराचे मजूर. आम्ही रस्त्यावर आडवे झालो. आम्हाला उचलून कडेला ठेवलं, सामान ठेवावं तसं. लाठीसुद्धा पडली नाही; पडली असती तर तिच्यावर पत्रक तरी निघालं असतं.

मग आतून आवाज आला. घणाचा. माग ओतीव लोखंडाचे, ते वाकत नाहीत, फुटतात. दुसरा घाव. तिसरा. बाबा उठले आणि इन्स्पेक्टरसमोर जाऊन उभे राहिले.

"साहेब, ते तोडताहेत. आम्हाला आत सोडा. आम्ही खोलून देतो."

मी त्यांची बाही धरली. "काय करताय? आपण हे थांबवायला बसलोय ना?"

"थांबलं का?"

आत पुन्हा घण पडला.

"खोललेला माग कुठेतरी लागेल. फुटलेला भट्टीत जाईल."

"कोण लावणार, बाबा? कोण?"

"मला काय माहीत! लावेल कोणीतरी."

त्यांच्यामागून ते म्हातारे विणकरकाका उठले, मग सगळेच. "जाने दो, जाने दो," इन्स्पेक्टर म्हणाला, "काम जल्दी निपटेगा." मी 'मुर्दाबाद' म्हणायला भोंपू उचलला, पण आत नटांवर पाने फिरवत होती ती आमचीच माणसं. कुणाचं मुर्दाबाद?

संध्याकाळपर्यंत त्यांनी एकेक माग खोलला, सुटे भाग पुसले, बांधले, ट्रकमध्ये रचले. एवढं नीट काम त्या मिलमध्ये कित्येक महिन्यांत झालं नव्हतं.

बाबा शेवटच्या ट्रकच्या ड्रायव्हरला म्हणाले, "भिया, रेल्वे फाटकावर हळू घ्या. झटका बसला तर चौकट तडकेल."

"कबाड़ ही तो है, चाचा."

"हो, पण हळू घ्या." त्यांनी दोर पुन्हा आवळला. "जातंय कुठे?"

"ठेकेदार जाने."

ट्रक गेला. माझ्या काखेत उद्याच्या पत्रकांचा गठ्ठा होता, वर मोठ्या अक्षरांत: एकही माग बाहेर जाऊ देणार नाही. बाबांचे हात कोपरापर्यंत तेलाने काळे झाले होते. पुसायला त्यांनी एक पत्रक मागितलं. मी दिलं. मग बाकीच्यांनीही मागितलं.