नावाचा रकाना

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला प्रकल्प करावा लागतो. पहिलं वर्ष संपताच, उन्हाळ्यातच सरांनी मला विषय दिला, ‘समाजमाध्यमांचे विद्यार्थ्यांवरील दुष्परिणाम’. म्हणजे दुष्परिणाम आहेत हे आधीच ठरलेलं, मी फक्त ते शोधून आणायचे. मुलगी बघायला जायच्या आधीच नकार ठरवून ठेवतात ना, तसं. मी विचारलं, ‘सर, नाही सापडले तर?’ ते म्हणाले, नीट शोधलेस तर सापडतील. मला राग आला की मी फार गोड हसते. तशी हसले आणि घरी आले. येतानाच ठरवलं होतं की आपल्या गावातली माणसं सकाळपासून संध्याकाळपर्यंत मोबाईलवर काय करतात ते बघायचं आणि जे दिसेल तेच लिहायचं.

आमचं गाव असोद्याच्या पुढे. केळी आणि कपाशीवर चालणारं. गावाचा मोबाईलवर एक ग्रुप आहे आणि त्याचे अ‍ॅडमिन आमचे नाना. नाना म्हणजे पप्पांचे चुलते, सोसायटीतून निवृत्त झालेले, पण निवृत्ती मनावर न घेतलेले. ग्रुपात बायका नाहीत. तसा नियम कुणी केलेला नाही. घरटी एक नंबर घ्यायचा एवढंच ठरलं होतं, आणि घरटी एक म्हटलं की तो कुणाचा, हे आमच्याकडे विचारायची पद्धत नाही. त्यामुळे मी रोज जेवणानंतर पप्पांचा मोबाईल मागून घ्यायचे आणि वही घेऊन बसायचे.

शेतातल्या मोटरींची थ्री फेज लाइन या आठवड्यात दिवसाची की रात्रीची, हा सगळ्यात मोठा विषय. मग रावेरला केळीची गाडी भरायला चार माणसं हवीत. असोद्याची बस आज येणार नाही. काळी शेळी हरवली आहे, एका कानाला भोक आहे. रोज सकाळी एक गुलाबाचं फूल आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. भावी नेत्यांचे वाढदिवस. आणि निधनवार्ता.

निधनवार्ता नाना स्वतः टाकायचे. त्यांच्याकडे साचा तयार होता. मागचा मेसेज उचलायचा, माणूस बदलायचा आणि पाठवायचा. एकदा वेळ बदलायची राहिली, तर माणसं सकाळी दहालाच टोप्या घालून दारात हजर, आणि अंत्ययात्रा होती चारची. गेलेला पुरुष असला की त्याचं पूर्ण नाव यायचं, टोपणनावासकट. बाई असली की ‘यांच्या मातोश्री’, ‘यांच्या धर्मपत्नी’, ‘यांच्या काकू’. मागचे मेसेज मी बोट दुखेपर्यंत वर सरकवले, तरी गेलेल्या बाईचं स्वतःचं नाव एकाही ठिकाणी दिसलं नाही. मी वहीत लिहिलं, ‘बाई ग्रुपात एकदाच येते, मेल्यावर, आणि तेही दुसऱ्याच्या नावाने.’ हे वाक्य मला फार आवडलं होतं. मैत्रिणींना वाचूनही दाखवलं.

बायकांकडे मात्र मला घरोघरी जावं लागलं. छापील फॉर्म घेऊन मी निघाले आणि पहिली गेले मोठीआईकडे. पप्पांच्या मोठ्या भावाची ती बायको. काका जाऊन बरीच वर्षं झाली होती. तिचं घर आमच्या घराला लागून, दोघांत ओटा एकच. मुलगा पुण्याला कंपनीत. त्यानेच तिला मोबाईल घेऊन दिला होता. ती अक्षरं जुळवून वाचायची, पण टाइप करणं तिला जमायचं नाही. म्हणून माइकचं बटण दाबून बोलायची. आणि बोलायची म्हणजे काय, बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, अख्खा अभ्यासक्रम तिने बोलून ठेवला होता. ज्वारी किती दिवस भिजवायची, घाटा कसा शिजवायचा, ओल्या फडक्यावर थापताना हाताला पाणी किती घ्यायचं, ऊन कसं बघायचं. नात्यातल्या सुना-पोरी पुण्याला, सुरतेला, नाशिकला तिचा आवाज ऐकत गॅससमोर उभ्या राहायच्या आणि चुकलं की फोटो पाठवायच्या. त्यांची उत्तरं ती ओट्यावर बसून मोठ्याने लावायची, त्यामुळे सुरतेच्या सासूसुनेचं काय बिनसलंय ते आमच्या गल्लीला आधी कळायचं.

मी विचारलं, मोबाईल कशासाठी वापरतेस? ती म्हणाली, “मी काही वापरत नाही वं माय. मी नुसती बोलते.”

फॉर्ममधला पहिला रकाना नावाचा. नाव काय लिहू म्हटल्यावर ती हसली. “लिही सावदावाली. अख्खं गाव तेच म्हनतं.”

आमच्याकडे लग्न होऊन आलेल्या बाईला तिच्या माहेरच्या गावावरून हाक मारतात. तिचं माहेर सावद्याचं, म्हणून ती सावदावाली. माझ्या मोबाईलमध्येही तिचा नंबर ‘सावदावाली मोठीआई’ असाच होता. मी तेच लिहिलं. दोघीही हसलो. मग गच्चीवर जाऊन मी तिचा फोटो काढला. फडक्यावर बिबड्या, कोपरापर्यंत घाटा लागलेला आणि उन्हामुळे एक डोळा बारीक झालेला. असा फोटो कोणी काढतं का, म्हणून ती कुरकुरली, पण लगेच तो सुरतेला पाठव म्हणाली.

पुढच्या उन्हाळ्याच्या बिबड्या तिने केल्या नाहीत. ज्वारी आणून ठेवली होती. एका सकाळी मम्मी चहा घेऊन गेली, तर दार उघडेना. ती पहाटेच झोपेत गेली होती.

दादा, म्हणजे तिचा मुलगा, पुण्याहून निघाला. तो दुपारपर्यंत पोचेल, म्हणून अंत्ययात्रा चारला ठरली. नाना येऊन ओट्यावर बसले आणि जुना मेसेज शोधायला लागले. मग त्यांनी नवा वाचून दाखवला. दादाचं नाव, त्याच्या मातोश्री, पप्पांचं नाव, त्यांच्या वहिनी, यांचे आज पहाटे दुःखद निधन झाले. मी म्हटलं, नाव राहिलं. नानांनी चष्म्यावरून बघितलं. कोणाचं राहिलं म्हणे, दोघांचं आलं की. मी म्हटलं, जी गेली तिचं.

“सांग मंग,” नाना म्हणाले. “काय व्हतं तिचं नाव?”

मला माहीत नव्हतं. अख्खी वही भरून गावाच्या चुका लिहिणाऱ्या मला, भिंतीपलीकडे राहणाऱ्या आणि लहानपणी मला न्हाऊ घातलेल्या बाईचं नाव माहीत नव्हतं. पप्पांकडे बघितलं. त्यांनी जन्मभर वहिनी म्हटलेलं. मम्मी तिला अक्का म्हणायची. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत होतो आणि ती आतल्या खोलीत पडलेली होती. शेवटी मम्मी उठली आणि तिच्या कपाटातला डबा घेऊन आली. रेशन कार्डाखाली आधार कार्ड होतं. त्यावर मी तिचं नाव पहिल्यांदा वाचलं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

नाना काही थांबले नाहीत. त्यांनी त्यांचा मेसेज पाठवून दिला आणि बांबू-गोवऱ्यांचं बघायला गेले. मी पप्पांचा मोबाईल मागितला. ते भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी कशाला म्हणून विचारलं नाही. मी ग्रुपात लिहिलं, तिचं नाव, माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, मूळ सावद्याची, आज पहाटे गेली. पाठवून दिलं.

दोन मिनिटांत उत्तर आलं, ‘कोण?’ मग दुसरं, ‘कोणत्या गल्लीतल्या?’ एकाने आधी हात जोडले आणि मग विचारलं की या कोण. दोघांना वाटलं की आमच्या घरात एकाच दिवशी दोन माणसं गेली. त्यांचे घाबरे फोन यायला लागले. नानांनाही आले असणार, कारण ते अर्ध्या वाटेतून परत आले.

“पाह्य,” ते म्हणाले, “नावानं एकानं तरी ओयखलं का? काढ ते आधी.”

त्यांचं खरं होतं. एकानेही ओळखलं नव्हतं. त्यानेच माझं डोकं जास्त फिरलं. मयताच्या घरात मोठ्यांना उलट बोलू नये, हे मलाही शिकवलंय. तरी मी बोलले.

“नाना, पन्नास वर्षं ती या गावात राहिली आणि तिचं नाव कुणाला माहीत नाही. यात नावाची काय चूक? मी काढणार नाही.”

नानांनी पप्पांकडे बघितलं. पप्पा म्हणाले, राहू द्या आता, लोक यायला लागले. एवढंच म्हणाले, पण मोबाईल माझ्या हातातून घेतला नाही.

मग मी माझ्या मोबाईलमधला गच्चीवरचा तो फोटो शोधला, एक डोळा बारीक असलेला, पप्पांच्या मोबाईलवर घेतला आणि ग्रुपात टाकला. खाली पुन्हा तिचं नाव लिहिलं. पुढे लिहिलं, ‘दर उन्हाळ्यात तुमच्या घरात जिच्या बिबड्या आल्या, ती ही.’

मग एकाने लिहिलं, ‘अरे, आपली काकू?’ मग दुसऱ्याने तिचं नाव घालून श्रद्धांजली वाहिली आणि त्याच्यामागे रांग लागली. सगळ्यांना पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. बहुतेकांनी वरचं उचलून खाली चिकटवलं होतं. पण उचलताना नावही उचलावं लागलं, आणि मला तेवढं पुरे होतं.

नानांनी त्याच दुपारी पप्पांना ग्रुपातून काढलं. सुतकातल्या माणसाला जरा तरी सवलत द्यायची, पण नाही. पुढचे दहा-बारा दिवस पप्पांना थ्री फेज कधी येणार ते कळायचं नाही. ते शेतात जायचे, मोटर चालू करायला बघायचे आणि तसेच परत यायचे. तुझ्यामुळे झालं, असं मला एकदाही म्हणाले नाहीत. गंधमुक्ती होऊन सुतक फिटल्यावर नानांनी त्यांना गुपचूप परत घेतलं.

पण त्या दिवशी अजून एक व्हायचं होतं. तीनच्या सुमाराला एक म्हातारी बाई सुनेचा हात धरून अंगणात आली. आमच्यातलं कुणीच तिला ओळखत नव्हतं. ती घरात शिरली नाही. अंगणातच उभी राहिली आणि तिने मोठीआईला नावाने हाक मारली. नुसत्या नावाने, पुढे काकू नाही की बाई नाही. मग पुन्हा मारली, जरा मोठ्याने. नदीवर जायला मैत्रिणीला बोलवावं तशी. बसलेल्या बायकांपैकी कुणी हललं नाही. त्यांना वाटलं, बाई घर चुकली. सगळ्यांत आधी मम्मीच्या लक्षात आलं आणि ती रडत उठली.

दोघी सावद्याला चौथीपर्यंत एका बाकावर बसायच्या. मेसेज आमच्या ग्रुपातून कुणाच्या तरी सासरी गेला होता आणि तिथून सावद्याला. सुनेने वाचून दाखवला, तेव्हा म्हातारी जेवत्या ताटावरून उठली होती. मी त्या सुनेला विचारलं, तुमच्याकडे दोन मेसेज आले का? म्हणाली, दोन आले. पहिला कुणाच्या तरी मातोश्रींचा होता, तो मी वाचून सोडून दिला. म्हातारी तोवर मोठीआईच्या उशाशी बसली होती आणि तिच्या कपाळावरून हात फिरवत तिला तिच्या नावाने हाका मारत होती. त्या घरात ते नाव मोठ्याने घेतलेलं आम्ही पहिल्यांदा ऐकत होतो.

महिन्याभराने मी फॉर्मचा गठ्ठा काढला. पहिल्या फॉर्मवरचं ‘सावदावाली’ खोडलं आणि नाव लिहिलं. मग पुन्हा घरोघरी गेले. माझ्या फॉर्मवर अशा वाल्या बऱ्याच होत्या. काहींनी स्वतःचं नाव हसत सांगितलं, काहींनी तोंडाला पदर लावून, आणि एकीने आधी दाराकडे बघून घेतलं. सरांनी प्रकल्प चाळला आणि विचारलं की यात दुष्परिणाम कुठे आहेत. मी म्हटलं, एक सापडला सर, पण तो मोबाईलचा नाही, आमचा आहे. गुण बेताचेच पडले. पडू देत.

आता कुणी म्हणेल, नावासाठी एवढी भांडलीस आणि इथे एकाचंही नाव लिहिलं नाहीस. मुद्दामच लिहिलं नाही. दादाचं नाही, पप्पांचं नाही आणि नानांचंही नाही. नाना इथे आहेत ते पप्पांचे चुलते म्हणून. वाचून त्यांना कसं वाटतं ते बघू दे त्यांना जरा.

मोठीआईचं नाव ज्याला हवं असेल त्याने आमच्या गावच्या ग्रुपात वर सरकत जावं. गुलाबाची फुलं, थ्री फेजच्या वेळा, हरवलेली शेळी, सगळं ओलांडून जावं लागेल. अ‍ॅडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढता येतो हे नानांना अजून माहीत नाही. हे वाचून कळलं तर कळू दे. त्यांनी काढला तर मी पुन्हा टाकीन.