जर्मनीतल्या वेशीवर

रविवारी आईने मला एका जर्मन गावाच्या वेशीवर, भर गर्दीत अडवलं...

आई माझ्या बाळंतपणासाठी भोरहून आली होती. येत्या शुक्रवारी ती परत जाणार, म्हणून जाण्याआधी तिला जवळचं एक मध्ययुगीन गाव दाखवायला नेलं. भोवती दगडी तटबंदी आणि आत माणसं अजून राहतात... खिडक्यांत कुंड्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे.

मला वाटलं, राजगड-तोरणा बघितलेली बाई, नाक मुरडणार. ती तटाकडे बघत भरभर पुढे निघाली. मुख्य दरवाज्यापाशी मात्र तिने बाबागाडीचा दांडा धरला.

"थांब जरा. आत नको नेऊ त्याला."

तिने पिशवीतून रुमाल काढला. त्यात घरूनच बांधून आणलेली नाचणीची भाकरी! तुकडा मोडून बाळावरून ओवाळला आणि दिला की फेकून रस्त्याकडेला...

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथे साधा कागद टाकला तरी लोक वळून बघतात. मी तुकडा उचलायला वाकले.

"असू दे. पयल्यांदा आजोळी चाललाय त्यो."

मी तशीच थांबले...

आमचं गाव भोरच्या वरच्या खोऱ्यात होतं. मी चौथीत असताना ते धरणात गेलं. लेकीचं बाळ पहिल्यांदा आजोळी आलं की वेशीवर तुकडा ओवाळूनच त्याला आत घ्यायचे. आता आई भोरला एसटी स्टँडमागे दोन खोल्यांत राहते, तिथे कुठली आलीय वेस? आदल्या दिवशी मी मोबाईलवर या गावाचे फोटो दाखवले, तेव्हाच बाईसाहेबांनी हा दरवाजा हेरून ठेवला होता.

"आपली येस पान्याखाली गेली गं. मग ह्याला कुठून आत घिऊ? ह्यांची हाय अजून, म्हनून हितंच घेतलं."

तिने बाळाला उचलून छातीशी धरलं आणि दरवाज्यातून आत शिरली. त्याला दाखवू लागली... "ह्यो मारुती. ह्यो पार. हितनं वर गेलं की कुंभारआळी..."

समोर बेकरी होती आणि फोटो काढणारे टुरिस्ट. पण आमचं गाव सोडल्यापासून तिने त्याचं नावसुद्धा काढलं नव्हतं. इतकी वर्षं मला वाटायचं, ती विसरली...

डोळे भरून आले होते. पुसायचं सोडून मी रिकामी बाबागाडी ढकलत तिच्या मागे मागे निघाले. आमचं घर कुठल्या वळणावर येतं, तेवढं मला ऐकायचं होतं.