नव्या टायरांचे केस

नगर-मनमाड रस्त्यावरच्या टायरवाल्याने मला बसायला स्टूल दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, टॅक्टर अजून किती वर्सं वापरायचा हाय?"

मला त्याचा रागच आला. लुगडं घ्यायला गेलं तर दुकानदार विचारतो का, बाई, अजून किती वर्षं नेसणार? पण तो बिचारा धंद्याचं बोलत होता. त्याच्याकडे तीन तऱ्हा होत्या. जुन्या टायरवर नवी नक्षी चढवलेले रिमोल्ड, ते एखादा हंगाम ओढतात. नवे पण हलके, ते दोन वर्षं जातात. आणि भारीतले, ते जपून वापरले तर सहा-सात वर्षं हलत नाहीत.

"सात वर्सं," मी म्हणाले.

घरी मालक खुर्चीत बसलेले होते. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं होतं. उजवा हात मांडीवर ठेवला की आपण उचलेपर्यंत तिथेच राही. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की जेवढं सुधारायचं तेवढं सुधारलंय. मी ते ऐकलं आणि घरी कुणाला सांगितलं नाही.

कोल्हारजवळ आमची पेरूची बाग आहे. फांद्या खाली लोंबणाऱ्या, मोठा ट्रॅक्टर आत घातला की निम्मी फळं जमिनीवर. म्हणून मालकांनी बारका ट्रॅक्टर घेतला, चारही चाकांना ओढ असलेला. आमची जमीन काळी. पाटाचं पाणी दिलं की दोनच चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर रुतून बसतो. तो मालकांशिवाय कुणी चालवायचा नाही, असा घरात कायदाच होता. दीर नुसते सीटवर बसले तरी मालकांचं तोंड आंबट व्हायचं. टायर झिजून गुळगुळीत झाले होते. आजारी पडायच्या आठ दिवस आधी बागेत ट्रॅक्टर घसरला, तेव्हा आल्या आल्या ते म्हणाले, "आता टायर बदलायलाच पायजेत." त्यांनी बोलून दाखवलेलं ते शेवटचं काम. मी ते धरून बसले. टायर आले की माणूसही उठेल, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. वेडेपणा होता, पण होता.

मी टायरवाल्याला विचारलं, निदान पुढचेच दोन बदलले तर? त्याने मान हलवली. "फोर व्हीलला पुढचं चाक मागच्यापरीस जरासं जास्तच पळावं लागतं, ताई. माप चुकलं की पुढची आन् मागची एकमेकाला वढीत बसत्यात, आन् मरतो मधला गिअर."

हे मला शिकवायची गरज नव्हती. मी संसार केला होता.

आमच्या टायरांवरचे आकडे दगडा-फांद्यांनी घासून गेले होते. म्हणून त्याने माप आणायला सांगितलं. चाकावर खाली खडूची खूण करायची, ट्रॅक्टर सरळ ढकलायचा, खूण फिरून पुन्हा जमिनीला टेकली की तेवढं अंतर टेपने मोजायचं. पुढचं वेगळं, मागचं वेगळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर आणि दोन गडी ढकलायला आले. स्टेअरिंगवर कोण बसणार? दीर म्हणाले, "वैनी, तुमीच बसा. नुस्तं सरळ धरायचं हाय." मी म्हणाले, मालक बसतील. दीर माझ्याकडे बघतच राहिले. मग तिघांनी मिळून त्यांना उचलून सीटवर बसवलं. मालकांनी डाव्या हाताने स्टेअरिंग धरलं आणि पाठ ताठ केली. मला इतका आनंद झाला की मी खडू शोधायच्या निमित्ताने घरात जाऊन डोळे पुसून आले.

ट्रॅक्टर हलला. खडूची खूण वर गेली, पलीकडे उतरली, जमिनीला टेकली. दीर सवयीने ओरडले, "दादा, बिरेक!"

ट्रॅक्टरचा ब्रेक उजव्या पायाला असतो.

खूण पुन्हा वर निघाली. अंगण उताराचं आहे. मी आधीच पुढे दगड लावून ठेवला होता, त्याला अडून ट्रॅक्टर थांबला. मालक आपल्या पायाकडे बघत होते. शेजाऱ्याच्या पायाकडे बघावं तसे. दीर खाली मान घालून टेप उलगडायला लागले. मापं परत घ्यावी लागली, तेव्हा सीटवर मी बसले.

खुर्चीत परत बसवल्यावर मालक म्हणाले, "हलक्यातले घे."

"का म्हनून?"

"इकायच्या टॅक्टरला कुनी भारीतले घालतं व्हय?" त्यांची जीभ जड झाली होती, पण हे वाक्य स्वच्छ आलं.

हा माणूस असं बोलला याचाच मला धक्का बसला. आमच्याकडे बैल होते तेव्हाची गोष्ट. बाजारात न्यायच्या आधी लोक बैलाची शिंगं साळतात, तेल लावतात, म्हणजे बैल तरणा दिसतो. मालकांनी कधी साळली नाहीत. "म्हातारा बैल म्हातारा म्हनूनच इकायचा," म्हणत. दोन पैसे कमी यायचे आणि मी आठ दिवस कुरकुर करायची. आता तेच गिऱ्हाइकापुरते टायर घाला म्हणत होते. याचा अर्थ काय, तो मला कळत होता. कळून घ्यायचा नव्हता.

मी भांडले. आजारी माणसाशी भांडू नये, पण मी भांडले. "इकायचा न्हाई! भारीतले आननार. आन् बरं झाल्यावर पयल्यांदा तुमीच चालवायचा. तवर त्याला कुनी हात लावायचा न्हाई."

त्यांनी डोळे मिटून घेतले.

चारही टायर भारीतले आले. मागचे दोन माझ्या कमरेच्याही वर येणारे, काळे कुळकुळीत. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, चालायला लागलं की आपोआप झडतात. मालकांनी डावा अंगठा त्यांच्यावरून फिरवला. टायर बसवून निघताना टायरवाल्याने मला बजावलं होतं, "चालवत ऱ्हावा, ताई. टायर चालून झिजतो, पर उभा ऱ्हाऊन मरतो."

मी कुठली चालवते! तोंडातून शब्द गेला होता. बागेत फवारणीला दिरांनी ओळखीच्या माणसाचा ट्रॅक्टर भाड्याने आणला, आमचा पत्र्याखाली उभा. दीर एकदा म्हणाले, "वैनी, निदान अंगनात तरी फिरवू का?" मी त्यांना असं काही बोलले की नंतर महिनाभर ते चहाला आले नाहीत. दोन खंडेनवम्या मी त्याला हळदकुंकू वाहिलं, झेंडूचा हार घातला. दुसऱ्या वेळी हार घालताना टायरच्या कडेला बारीक भेगा दिसल्या. दुपारनंतरचं ऊन त्याच बाजूला येतं. आणि वरचे केस तसेच होते, एकही झडला नव्हता.

मी तिथेच पायरीवर बसले. टायरवाला बरोबर होता, डॉक्टरही बरोबर होते, आणि मालकांना तर ते माझ्याआधीच कळलं होतं. माझ्या हट्टाने दोन वर्षं गेली आणि काहीही उठलं नाही. संध्याकाळी मी त्यांना म्हणाले, "इकून टाकू." ते म्हणाले, "बरं."

पारनेरकडचं एक गिऱ्हाईक बघायला येणार होतं. त्या सकाळी मालक म्हणाले, मला टॅक्टरपाशी ने. मी खुर्ची पुढच्या चाकाजवळ नेऊन ठेवली आणि चहा टाकायला गेले. परत आले तर ते डाव्या हाताने टायरवरचे केस एकेक करून उपटत होते. मांडीवर काळा कचरा पडला होता.

"आवो, काय करताय? ऱ्हाऊ द्या की! न चाललेले दिसले तर चार पैसे जास्त येत्याल."

"चालल्यावानी दिसू दे," ते म्हणाले.

मी कपबशी खाली ठेवली. पुढचं एक चाक झालं, तशी त्यांची खुर्ची दुसऱ्या चाकापाशी सरकवली. मागच्या टायरांना वरपर्यंत त्यांचा हात पुरत नव्हता. ते केस मी उपटले.