हाताखालची बाई

माझ्या मावशीने कितीतरी म्हाताऱ्यांना पुन्हा हसायला लावलं आणि त्यातल्या एकालाही ती माहीत नव्हती. ती कवळ्या करायची. म्हणजे लोकांच्या लेखी काका करायचे. दातांच्या डॉक्टरांकडून जबड्यांचे साचे आणायचे ते, डब्यांवर नाव त्यांचं, गल्लीतला रुबाबही त्यांचाच. मागच्या खोलीत स्टुलावर बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायची ती मावशी. काकांचा हात जड. त्यांनी लावलेले दात शाळेच्या कवायतीला उभे केल्यासारखे दिसत.

पण या कामाचं सर्टिफिकेट काकांकडे होतं, मावशीकडे नव्हतं. न शिकलेली बाई दात लावते हे कळलं असतं, तर डॉक्टरांनी कामं देणंच बंद केलं असतं. म्हणून लग्न झाल्यापासून काकांनी तिला एक उत्तर पढवून ठेवलं होतं. कुणी आत डोकावून विचारलं, "वहिनी, तुम्ही काय करता?" की म्हणायचं, "मी काही नाही, हाताखाली असते." झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिने हेच सांगितलं असतं.

पुढे दोघांत विस्तव जाईना. काका तोंडाचे फटकळ आणि मावशी नाकावर माशी बसू न देणारी. आणखी कारणं असतील तर ती आम्हाला कुणी सांगितली नाहीत. प्रकरण घटस्फोटापर्यंत गेलं आणि मावशी ट्रंक घेऊन आमच्याकडे आली. स्वतःची एक खोली भाड्याने घ्यायची, बहिणीच्या संसारात अडगळ व्हायचं नाही, एवढीच तिची इच्छा होती. तरी पोटगीचं नाव काढलं की उसळायची.

"ज्याचं तोंड बघायचं नाही, त्याचं खाऊ?"

"मग काय हवा खाऊन राहणार आहेस?" आई म्हणायची.

वकीलबाईंनी मात्र तिला समोर बसवून समजावलं. "ताई, पूर्वी कित्येक ठिकाणी लग्न मोडताच यायचं नाही. वेगळे राहिले तरी ती त्याची बायकोच, म्हणून तिला पोसणं नवऱ्याला चुकत नसे. पुढे लग्न मोडायची सोय झाली. पण जिने उमेदीची वर्षं त्या घरात घातली, तिने जायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहिला. पोटगी म्हणजे काही भीक नाही. त्यांचा धंदा तुमच्या हातांवर उभा आहे, एवढंच कोर्टात सांगा."

मावशीला ते पटलं. "सांगते," म्हणाली.

सुनावणीच्या दिवशी कोर्टात काकांच्या बाजूने साक्ष द्यायला त्यांना सगळ्यात जास्त कामं देणारे डॉक्टर आले होते. न्यायाधीशांनी मावशीला विचारलं, "पतीच्या व्यवसायात तुम्ही काय काम करत होता?"

मावशीने डॉक्टरांकडे पाहिलं, मग काकांकडे पाहिलं. बराच वेळ पाहत राहिली.

"मी काही नाही," ती म्हणाली, "हाताखाली असायची."

वकीलबाईंनी पुन्हा खोदून विचारलं. मावशीने तेच सांगितलं. काका बुटांकडे बघत बसले होते. पोटगी मंजूर झाली, पण इतकी जुजबी की तिच्यात खोलीचं भाडंसुद्धा निघालं नसतं. मावशी आमच्याकडेच राहिली. औषधांच्या दुकानात बिलं फाडायची आणि घरी आल्यावर आईच्या हातातलं काम ओढून घ्यायची. कुणी तिला कधी टोचून बोललं नाही, पण ती पाहुण्यासारखी अंग चोरूनच वावरली. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

काकांच्या कवळ्या परत येऊ लागल्या. कुणाला टोचे, कुणाला बोलता येईना, एक आजोबा तर म्हणे आरशात स्वतःला ओळखेनात. वर्षभरात डॉक्टरांनी पाठ फिरवली, धंदा बंद पडला आणि ती जुजबी पोटगीही थांबली. हे ऐकलं तेव्हा माझा संताप अनावर झाला.

"काय मिळवलंस? त्यांचा धंदा वाचवायला खोटं बोललीस, तो बुडालाच ना?"

मावशी भांडी पुसत होती. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

"धंदा वाचावा असं वाटत होतंच गं," ती म्हणाली. "पण मला वाटलं, मी असं म्हटल्यावर तरी ते उठतील आणि म्हणतील, साहेब, ही खोटं बोलतेय."