पंच्याच्या गाठीतली सुपारी

“खिडकी कंच्या बाजूची पायजे? उन्हाची का सावलीची?”

गाडी अजून स्टँडात शिरलेलीही नसायची आणि आबा हे विचारून मोकळे. खांद्यावरचा पंचा काढायचा, टोकाची गाठ चाचपायची आणि आपण उत्तर देईपर्यंत चालत्या गाडीच्या कडेने पळायला लागायचं. हात एकदाच वर जायचा. पंचा खिडकीतून आत. जागा धरली!

नव्वदच्या दशकात उन्हाळा सरताना बारामतीच्या स्टँडावर जे कुणी उभे राहिले असतील, त्यांना मी गर्दीचं काय सांगू? शाळा उघडायला आलेल्या. माहेरवाशिणी, पोरं, आंब्याच्या पेट्या, कुरडयांचे डबे, सगळं एकदमच परत निघायचं. खिडकीतून जो तो काही ना काही फेकायचा. रुमाल, टोपी, पिशवी. एका बापाने तर अख्खा मुलगा आत सोडलेला मी पाहिलाय. पण रुमाल उचलून खाली टाकणारे महाभागही असतातच की. आबांचा पंचा मात्र कुणी हलवत नसे, कारण त्याच्या गाठीत सुपारी असायची.

“वजनाला का हो आबा?” मी एकदा विचारलं.

“वजन हायेच. पण पूजेला बायको नसली तर शेजारी सुपारी मांडत्यात का न्हाय? देवाला चालती, मग कंडक्टरला न चालायला काय झालं?”

मी खो खो हसलो. घरी आल्यावर आठवलं, आबांच्या घरच्या पूजेत त्यांच्या पाटाशेजारी कित्येक वर्षं सुपारीच बसत होती.

बारामतीला लागूनच असलेल्या जळोचीत आमची आणि त्यांची भिंत एक. आबांची सगळी नोकरी साखर कारखान्याच्या गाडीतळावर गेली. उसाच्या बैलगाड्या रांगेत उभ्या करायच्या आणि कुणी मध्ये घुसला की त्याच्या सात पिढ्या काढायच्या, हे काम. “जलमभर लोकांचा नंबर लावला,” म्हणायचे, “आता नंबर मोडायची हौस फेडून घेतो.” मे संपत आला की आळीतल्या घराघरातून त्यांना बोलावणं यायचं. आमच्याही.

आबांना न बोलावता मी एकदाच प्रयत्न केला. बहीण सुमन इंदापूरला दिलेली. तिच्यासाठी मी मोठ्या ऐटीत रुमाल भिरकावला. तो एका खिडकीतून आत गेला, समोरच्या खिडकीतून बाहेर पडला आणि पलीकडच्या रसवंतीच्या चरकावर जाऊन बसला. सुमन पोराला कडेवर घेऊन भवानीनगरपर्यंत उभी. “दादाचा रुमाल बसला असता तर मी बसले असते,” हे ती आजही चारचौघांत सांगते.

आबांना एकच मुलगा, नाशिकला कंपनीत. तो उन्हाळ्यात कधी यायचा नाही. कधी रजा नसायची, कधी सुनेच्या माहेरी लग्न. आबा दुसऱ्यांचे पाहुणे गाडीत बसवून एकटेच घरी यायचे. “आमचं बरं हाय,” म्हणायचे. “पावणं येत न्हाईत, तर जायाचं दुखणंबी न्हाय.”

आणि एका वर्षी ते आले. मुलगा, सून, नात.

आबांचं घर ओळखू येईना. नवा माठ आला. बैलगाडीच्या जुन्या नाड्याचा झोका लिंबाला बांधला गेला. दुपारी आबा दारात उभे राहून सगळ्या आळीला दटावायचे, “हळू बोला, पोरगी झोपलीया!” आमच्या पोरांनी इतकी वर्षं त्यांच्या ओट्यावर धुडगूस घातला, तेव्हा त्यांनी कधी ‘हळू’ म्हटलेलं कुणाला आठवत नाही.

जायच्या दिवशी मीही स्टँडावर गेलो. नाशिकला थेट गाडी दिवसातून एकच. गर्दी बघून मुलगा म्हणाला, “आबा, जागा न्हाय मिळाली तर ऱ्हाऊ द्या. रजा हाय अजून. उद्या जाऊ.”

“म्हंजे पुन्हा झोका!” नातीने उडी मारली.

 आबा नुसते गर्दीकडे बघत राहिले, आणि इतकी गर्दी बघून खूश झालेला माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

गाडी वळली. दारावर झुंबड उडाली. आणि आबा पळाले! पंचा निघाला, हात वर गेला, गाठ आत पडली. तिघांचं अख्खं बाकडं, तेही सावलीचं.

“वा आबा!” लोक म्हणाले. मुलाने सुटल्यासारखा श्वास सोडला आणि पोरीला खिडकीतूनच आत दिलं. ती रडली नाही. गजाला धरून एवढंच म्हणाली, “आबा, कशाला?”

गाडी गेली. पंचाही तिच्यातच गेला. आबांचा हात दोनदा मोकळ्या खांद्यावर जाऊन आला. रसवंतीपाशी आल्यावर थांबले.

“हाताला सांगायचंच ऱ्हायलं हो,” म्हणाले, “का ही आपली माणसं हायेत.”

पुढच्या उन्हाळ्यात सुमनला बसवायला आबा आले. खांदा मोकळाच होता. “पंचा?” मी विचारलं. “त्यो नाशकाला ऱ्हातोय,” म्हणाले.

इंदापूरची पहिली गाडी आली. आबा जागचे हलले नाहीत. “लई गर्दी हाय. जाऊ द्या.” दुसरी निम्मी रिकामी होती. “हिचा डायवर नीट न्हाय.” सुमन माझ्या कानाशी आली, “दादा, आबा थकले का रे?”

“बसा की जरा,” आबा म्हणाले. “रस पिऊ. इंदापूर कुठं पळून जातंय?”

बसलो. महिनाभर एका घरात राहून सुमन आणि मी बोललो नव्हतो, इतकं त्या बाकड्यावर बोललो. आबा थोडे बाजूला सरकून पेला हातात घेऊन बसले होते. ऊन उतरल्यावर आलेल्या गाडीत सुमनला बसायला आयती जागा मिळाली.

त्याच थंडीत आबा गेले. मुलगा आला, सगळं आवरून दाराला कुलूप लावून गेला. लिंबाचा झोका कुणी सोडला नाही.

उन्हाळा सरताना सुमनला बसवायला आता मी एकटा जातो. गाडी वळते. खिडक्यांतून रुमाल, टोप्या आत पडतात. सुमन ओरडते, “दादा, टाक की!”

मी रुमाल काढतो, चाचपतो आणि परत खिशात ठेवतो.

“लई गर्दी आहे गं. जाऊ दे ही.”

“तुला जमलंय कधी!” ती म्हणते आणि बॅगेवर बसते. मी रस सांगायला जातो. रुमालाच्या टोकाला मारलेली गाठ तिने अजून पाहिलेली नाही.